बंद म्हणून पुकारलेली व्हॅन

लिलावाच्या यार्डात, हप्ते थकले म्हणून जप्त करून आणलेल्या प्रत्येक गाडीच्या काचेवर खडूनं एकच शब्द लिहीत: चालू, नाहीतर बंद. लाँड्रीवालीच्या व्हॅनवर 'बंद' लिहिलं होतं. बंद गाडी भंगाराच्या भावानं जाते, आणि त्यातून न फिटलेलं कर्ज पुन्हा मालकाच्याच बोकांडी बसतं. गाडीही जायची, वर हप्तेही भरायचे. आणि बंद गाड्या उचलणारा भंगारवाला कोण? लिलाव पुकारणाऱ्याचा सख्खा मेहुणा.

"पुसा ते. गाडी चालू आहे," ती म्हणाली.

"चावी फिरवून बघितली, ताई. हूं नाही की चूं नाही."

"सीटखाली चोरखटका आहे, तो वर केल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही. फोनवर सांगितलं होतं तुम्हाला."

"असे फोन रोज येतात," पुकारणारा म्हणाला. "हप्ते थकवलेत, आता गाडीशी तुमचा संबंध नाही. गेटबाहेर उभ्या राहा."

"हप्ते थकवले, तोंड लपवलं नाही. लिलाव उघड्यावर होतो, मूळ मालकाला हजर राहता येतं, आणि गाडी जशी आहे तशीच सांगून विकायची असते. कायदा आहे तो. मी विनंती करत नाहीये."

"आल्या वकिलीणबाई," मेहुणा म्हणाला.

"वकील नाही, हॉटेलच्या चादरी धुते. कोणी काय घाण केलीय ते मला लगेच दिसतं."

गर्दीत हसू फुटलं. मेहुणा बुटाकडे बघायला लागला.

ती गर्दीकडे वळली. "बोली लावणाऱ्याला आधी गाडी तपासता येते. कोणाला तपासायचीय?"

"मला," मागून एक बेकरीवाला म्हणाला. त्याची पाव पोचवायची गाडी नुकतीच निकालात निघाली होती. एवढ्या लोकांदेखत पुकारणाऱ्याला त्याला अडवता येईना.

"बसा. हात सीटखाली, पार मागे. लागला खटका? वर करा. आता फिरवा चावी."

व्हॅन एकदा खोकली आणि सुरू झाली. लाँड्रीवालीनं बाहीनं काचेवरचा शब्द खसाखसा पुसला आणि खडूसाठी पुकारणाऱ्यापुढे हात धरला. त्यानं दिला. तिनं 'चालू' लिहिलं, काचभर.

मेहुण्यानं ईर्ष्येनं बोली चढवली, बेकरीवाल्यानं त्याच्यावर चढवली. कर्ज फिटलं. गाडी गेलीच, पण मागे तिच्या मानेवर काही उरलं नाही.

"ताई, तो खटका ठेवू की काढून टाकू?" बेकरीवाल्यानं खिडकीतून विचारलं.

"ठेवा," पुकारणाऱ्याकडे बघत ती म्हणाली. "चोर अजून कामावर आहेत."