उताराची परीक्षा

"साहेब, कुठे चुकली ते तरी सांगा," आमचे हे तिसऱ्यांदा विचारत होते आणि तिसऱ्यांदा इन्स्पेक्टर साहेब रुमालात शिंकत होते. आमची लेक ट्रकच्या पायरीजवळ मान खाली घालून उभी होती. मी कुंपणाच्या अलीकडे, पिशवी छातीशी धरून. हेवी लायसन्सच्या परीक्षेत ती नापास झाली, एवढं एव्हाना सगळ्या मैदानाला कळलं होतं. का, ते कळायचं होतं.

साहेबांनी शेवटी रुमाल खिशात घातला. "रिव्हर्स उत्तम. वळणं उत्तम. चढावर गाडी थांबवून परत उचलली, तीही मागे न घसरता. पण उतार लागला आणि हिने गाडी न्यूट्रलला टाकून सोडून दिली. तिथेच विषय संपला."

"अहो, डिझेल वाचतं त्याने," हे म्हणाले. सूर असा, की साहेब नवीन आहेत, त्यांना जरा समजावून सांगायला हवं. "मी जन्मभर असाच उतरत आलो. गाडीला ओरखडा नाही."

"मग जन्मभर नशिबाने उतरलात," साहेब म्हणाले. "भरलेली गाडी गिअरमध्ये असली तर इंजिन तिला धरून ठेवतं. न्यूट्रलला सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापून सुटले, की मग धरायला काही उरत नाही. उद्या बस हातात आली की हिच्या मागे पन्नास माणसं बसणार आहेत. हिला शिकवलं कोणी?"

हे गप्प बसले. इतक्या वर्षांच्या संसारात मला जे एकदाही जमलं नाही, ते साहेबांनी सर्दी असताना करून दाखवलं.

आमचे हे ट्रक ड्रायव्हर. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा मालकाने मानाने घरी पाठवलं, तरी कोणी विचारलं तर अजून "ड्रायव्हर आहे" असंच सांगतात. ट्रकच्या अड्ड्यावर त्यांना उस्ताद म्हणत. भरला ट्रक सगळ्यांत कमी डिझेलमध्ये पोहोचवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. "उस्तादची गाडी नुसत्या वासावर चालते," असं मालक एकदा चारचौघांत म्हणाला, तर ते वाक्य ह्यांनी घरी आणून मला इतक्या वेळा ऐकवलं की मी शिवण करताकरता ते पुरं करू लागले. मी ट्रकच्या सीटची कव्हरं शिवते. रेक्झिनवर जाड सुई चालवताना कान मोकळेच असतात. सगळी करामत होती ती उतारावर. चढ इंजिनाने चढायचा आणि उतार फुकट उतरायचा. उताराला ते "देवाने दिलेलं डिझेल" म्हणत.

त्यांना लायसन्स मिळालं ती कथाही ऐकण्यासारखी आहे. त्या काळचे अधिकारी झाडाखाली खुर्ची टाकून चहा पीत बसले होते. म्हणाले, या झाडाला एक फेरी मारून ये. ह्यांनी मारली. साहेबांनी बशीतून डोकंसुद्धा वर काढलं नाही आणि हे हेवी ड्रायव्हर झाले. आता डोळे तपासतात, ड्रायव्हिंगच्या शाळेत शिकल्याचा दाखला मागतात, खांबांमधून गाडी मागे घ्यायला लावतात, वर कॅमेरे. हे सगळं पाहून ह्यांनी आधीच नाक मुरडलं होतं. शाळेचे तास लेकीने नियमाप्रमाणे पुरे केले, पण शाळेच्या मैदानात उतारच नव्हता. आणि हे रोज संध्याकाळी विचारायचे, आज काय शिकवलं, आणि ऐकून म्हणायचे, ते सोड, खरं मी शिकवतो.

लेकीला घरात छोटी म्हणतात. दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढी वाढली, तरी छोटीच. ती पार्सलचा छोटा टेम्पो चालवत होती, पण तिचं मन होतं शहरबसमध्ये. बस डेपोत ड्रायव्हरांची भरती निघाली होती आणि अर्ज घेताना हेवी लायसन्स हातात असलंच पाहिजे, अशी अट होती. ठरावीक दिवस थांबून परत एकदा परीक्षा देता येत होती, फक्त एकदाच. त्यानंतर भरती बंद. पुढची कधी निघेल ते डेपोलाही ठाऊक नव्हतं. तिने कधी डोळ्यांत पाणी आणून काही मागितलं नाही, पण बस स्टॉपवर ती बसच्या दाराकडे बघायची नाही, ड्रायव्हरच्या हाताकडे बघायची. आईला एवढं पुरतं.

नापासाची बातमी अड्ड्यावर आमच्या आधी पोहोचली. संध्याकाळी ह्यांचा एक जुना जोडीदार सांत्वनाला आला आणि चहा संपता संपता हळूच मुद्द्यावर आला. त्याच्या ओळखीचा एक मधला माणूस होता. थोडे पैसे दिले, की पुढच्या वेळी उतार लागणारच नाही, असं करता येतं म्हणे. "आपल्याला तरी कुठे उतार लागला होता, उस्ताद?" तो हसून म्हणाला. हे हसले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. लेकीकडे बघत राहिले. आपल्यामुळे पोरीचं नुकसान झालं ही गोष्ट त्यांना आत खात होती, आणि अशा वेळी माणूस काहीही कबूल करतो.

"काका," लेक म्हणाली, "मला पास व्हायचंय. पास करून घ्यायचं नाही."

जोडीदार निघून गेला. हे त्याची कपबशी आत ठेवून आले. मग मला म्हणाले, "अगं, माझ्या हाताची खोड तिच्या हाताला लागली." खोटा धीर द्यायची मला सवय नाही आणि त्यांना तो पचतही नाही.

जुन्या मालकाने सुट्टीच्या दिवशी रिकामा ट्रक दिला. गावाबाहेर खाणीकडे जाणारा रस्ता होता, वरून खाली सरळ, बाजूला कोणी नाही. मलाही नेलं, दोघांच्या मध्ये बसायला तिसरं माणूस असलं की भांडण कमी होतं, असा लेकीचा हिशेब. ह्यांनी आधी स्वतः स्टिअरिंग हातात घेतलं. "बघ नीट. ज्या गिअरने चढायचं, त्याच गिअरने उतरायचं." असं तोंडाने म्हणाले, आणि माथा येताच त्यांच्या हाताने दांडा सरळ न्यूट्रलला नेला. इंजिनाचा आवाज बसला आणि गाडी दावं तुटल्यासारखी सुटली. त्यांनी ब्रेक लावून ती कशीबशी थांबवली. परत वर गेलो. परत तेच. तिसऱ्यांदा त्यांनी दात आवळून, दोन्ही डोळे रस्त्यावर रोवून गाडी आणली, आणि तरी हात त्यांना न विचारता निघालाच.

मला हसू येत होतं आणि रडूही. जो हात मी एवढी वर्षं पाहिला, ज्याच्या जिवावर घर उभं राहिलं, तो म्हाताऱ्या बैलासारखा ओळखीच्या वाटेला वळत होता.

त्यांनी ट्रक बाजूला घेतला आणि खाली उतरले. "तू चालव," एवढंच म्हणाले. लेक स्टिअरिंगवर बसली, हे पलीकडे बसले, आणि बसल्याबसल्या त्यांनी आपला हात मांडीखाली दाबून धरला. का, ते मला माथ्यावर कळलं. त्यांचं सगळं अंग दांड्याकडे झेपावत होतं आणि तोंडाने ते एकसारखं सांगत होते, "धरून ठेव. गिअर सोडू नकोस. ओरडू दे इंजिन, ओरडू दे, त्याचं कामच आहे ते." गाडी गुरगुरत, रडत, पायरी पायरी उतरल्यासारखी खाली आली. मग परत वर. मग परत खाली. दुपार झाली तरी त्यांनी हात बाहेर काढला नाही. शेवटी तो मुंग्या येऊन बधिर झाला, तेव्हा मी चोळून दिला. नवऱ्याचा अभिमान वाटावा असे दिवस संसारात मोजके येतात. त्यातला तो एक.

दुसऱ्या परीक्षेला तेच साहेब होते, सर्दी मात्र बरी झाली होती. आम्ही उताराच्या पायथ्याशी कुंपणाबाहेर उभे राहिलो. ट्रक माथ्यावर आला, तसे हे पाठ फिरवून उभे राहिले. मी म्हटलं, "अहो, बघा तरी." ते म्हणाले, "बघायचं काय त्यात? ऐकायचं असतं." इंजिनाने सूर धरला. मी ह्यांचा चेहरा बघत राहिले. सूर जर मध्येच बसला असता, तर तो चेहरा मी पुन्हा कधी पाहू शकले नसते. सूर बसला नाही. खालपर्यंत तसाच गुरगुरत आला आणि आमच्यापाशी येऊन थांबला. साहेब खाली उतरले, कागदावर सही केली आणि लेकीला नव्हे, ह्यांना म्हणाले, "आता नीट शिकवलंत." ह्यांनी त्यांना नमस्कार केला. उस्तादने कोणा साहेबाला मनापासून नमस्कार केलेला मी तेव्हाच पाहिला.

डेपोत ती लागली. पहिले काही आठवडे जुन्या ड्रायव्हरच्या शेजारी बसवून ठेवलं, मग एक दिवस बस तिच्या एकटीच्या हाती आली. तिने आम्हाला काही सांगितलं नव्हतं, पण ह्यांनी डेपोच्या फाटकावर चौकशी करून ठेवली होती. आम्ही तिसऱ्या स्टॉपवर मागच्या दाराने चढलो, ती बावरू नये म्हणून. बस गच्च भरलेली. मला एका मुलीने जागा दिली, हे दांडीला धरून उभे राहिले. पुढे गणवेशातली लेकीची पाठ दिसत होती, ताठ. मला तर वाटत होतं, उठून सगळ्या बसला सांगावं. पण ह्यांनी मानेनेच नको म्हटलं.

टेकडीचा रस्ता उतरू लागला. बस लहान गिअरमध्ये आली आणि गुरगुरत, दमाने, खाली निघाली. मागून एक मोटारवाला हॉर्न वाजवू लागला. ह्यांच्याजवळच्या सीटवर एक गृहस्थ बसले होते. त्यांना घाई असावी.

"बाई नवीन दिसतात," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "उतारावर कोणी असं चालवतं? गाडी सोडायलाही घाबरते."

ह्यांचा हात दांडीवर घट्ट झाला. मला वाटलं, आता उस्ताद बोलणार आणि लेकीच्या पहिल्या दिवशी तमाशा होणार. पण आवाज अगदी खालचा निघाला.

"घाबरत नाही ती," हे म्हणाले. "धरून ठेवते. मी जन्मभर ट्रक चालवला, मला ते जमलं नाही."

गृहस्थांनी वर पाहिलं. ह्यांचे डोळे समोर, रस्त्यावर होते. इंजिन ओरडत होतं आणि उतार संपायला अजून बराच वेळ होता. गृहस्थ थोडे खिडकीकडे सरकले आणि आमच्या ह्यांना बसायला जागा करून दिली.