कोपर लागल्याचा वास

गॅसला स्वतःचा वास नसतो. तो मागाहून मिसळतात, माणसांना कळावं म्हणून.

पानओव्याचं पान जाड आणि लवदार असतं. नुसता धक्का लागला तरी वास सोडतं.

डॉक्टरांच्या टेबलावर पाच बाटल्या. एकीवरही नाव नाही.

"अहो, आला का?"
"आला."
"मग जा."

तिसऱ्या मजल्यावरच्या परक्या स्वयंपाकघरात तो भिंतीकडे सरकला. मागून येणाऱ्याला वाट द्यावी तसा. मागे कोणीच नव्हतं.

*

"कोणासाठी सरकलात हो?" मास्तरीणबाईंनी विचारलं. घर त्यांचंच. शाळेतून निवृत्त, एकट्या, आणि तक्रार त्यांनीच केलेली.

"कोणासाठी नाही. तुमच्याकडे पानओव्याची कुंडी आहे का?"

"कुंडी ठेवायला जागा कुठंय इथं? मी गॅसच्या वासासाठी बोलावलंय तुम्हाला. तुम्हाला येत नाही?"

त्यानं पुन्हा श्वास घेतला. पानओवा. नुसता पानओवा. सत्तावीस वर्षं तो गळती शोधत होता. गॅस कंपनीत त्याला नावानं कोणी हाक मारत नसे, 'नाक' म्हणत. नाक रजेवर गेलं की ऑफिसला सर्दी होते, हा तिथला जुना विनोद होता.

"गळती नाही, बाई," तो म्हणाला आणि वहीत लिहू लागला.

"थांबा. ते साबणाचं पाणी लावायचं असतं ना? ते कुठं लावलंत?"

"त्याची गरज नसते. मी नुसत्या वासावर—"

"उत्तर बरोबर असलं तरी रीत दाखवावी लागते. निम्मे मार्क रीतीचे असतात."

त्यांच्या समाधानासाठी त्यानं शेगडीमागच्या जोडाला ब्रश फिरवला. जोडावर एक बुडबुडा फुगला. मग दुसरा. मग द्राक्षाच्या घडासारखा फेस आला. त्यानं कळ बंद केली, खिडक्या उघडल्या. एवढ्यात जोडीदार फिटर हत्यारांची पिशवी घेऊन वर आला आणि दारातच थबकला.

"बापरे! जिन्यात पोचलाय वास! नाक, अहो, तुम्ही आत काय करत होता?"

वहीत लिहिलेलं होतं, 'गळती ना'. 'ही' तेवढं लिहायचं राहिलं होतं.

*

जोड बदलून दोघं गाडीत बसले.

"किती दिवस झाले?" फिटरनं विचारलं.

"पाच महिने."

"म्हणजे वहिनी गेल्यापासून."

"त्यानंतर ताप आला होता ना मला, तेव्हापासून."

"आणि कसलाच वास येत नाही?"

"येतो. पानओवा."

फिटर हसला नाही. "तुम्ही गाडीतही मधेच सरकता. मला वाटायचं, मला जागा देताय. म्हटलं, म्हातारपणी माणूस सुधारला."

*

कुंडी गॅलरीच्या दारातच होती. कपडे वाळत घालायला जाताना बायकोचं कोपर पानांना लागायचं आणि वास घरभर व्हायचा. तो पेपर वाचत असला तरी मान वर न करता पाय आखडून घ्यायचा. वास आला म्हणजे ती आली.

रोज सकाळी तो निघाला की ती एक पान चुरडून त्याच्या नाकाखाली धरायची. सर्दीबिर्दी झाली असेल तर इथंच कळू दे, लोकांच्या घरात जाऊन नको, असं तिचं म्हणणं. दोनदा तो 'नाही आला' म्हटल्यावर तिनं त्याची बूट घातलेली पावलं मागं फिरवली होती.

ती गेल्यावर त्यानं झाडाची फार काळजी घेतली. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी. पानओव्याला तेवढं पाणी सोसत नाही. महिन्याच्या आत खोड काळं पडलं, मऊ झालं आणि हातात आलं.

झाड गेलं. वास गेला नाही. तो भर बाजारात यायचा, लोकांच्या जिन्यात यायचा, आणि हा सरकून उभा राहायचा.

*

"तिसरी बाटली," कंपनीच्या डॉक्टरांकडे नाकाच्या वार्षिक तपासणीच्या सकाळी फिटर कुजबुजला. "गॅस दरवर्षी तिसरीत असतो. डॉक्टर आळशी आहेत, क्रम बदलत नाहीत. बाकीच्यांना नाही म्हणायचं, विषय संपला. निवृत्तीला दोन वर्षं तर राहिलीत तुमची. लोकांच्या घरी मी हुंगेन."

त्यानं एकेक बाटली नाकाशी धरली. तिसरी जरा जास्त वेळ धरली. त्याला वहीतलं ते न लिहिलेलं 'ही' आठवलं.

"पाचही बाटल्यांत पानओवा आहे," तो म्हणाला.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "पाचवीत नुसतं पाणी आहे."

"असेल."

"तापानंतर होतं असं. थेंब देतो. हा खोटा वास जाईल. खरे वास परत येतील की नाही, सांगता येत नाही."

"खोटा राहू दिला तर?"

"राहू द्यायचा कशाला?" डॉक्टरांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "घरी कोण असतं?"

त्यानं थेंबांची बाटली खिशात टाकली.

*

त्याला तक्रारीच्या फोनवर बसवलं. फिटरनं त्याच्या स्वयंपाकघरात, नको नको म्हणताना, गळती झाली की ओरडणारं यंत्र ठोकून दिलं. थेंबांची बाटली न उघडलेली तशीच खिडकीत उभी राहिली. बारा दिवस.

तेराव्या दिवशी सकाळी त्यानं दूध ठेवलं आणि पेपर उघडला. थोड्या वेळानं वास आला. इतका दाट कधीच आला नव्हता, जणू तिनं अख्खी फांदी मोडून आणली होती. त्यानं पाय आखडून घेतले. मान वर केली नाही. वास वाढत गेला. आता ती अगदी खुर्चीपाशी होती. त्याला डोळे मिटून घ्यावेसे वाटले, आणि त्यानं मिटले.

मग यंत्र किंचाळू लागलं.

दूध उतू जाऊन शेगडी विझली होती. कळ पूर्ण उघडी होती. त्यानं ती बंद केली, गॅलरीचं दार सताड उघडलं आणि रिकाम्या कुंडीला धरून उभा राहिला.

"नाही आला," तो मोठ्यानं म्हणाला. "अगं, नाही आला."

आत जाऊन त्यानं थेंबांच्या बाटलीचं झाकण उघडलं.

*

पुढं एका सकाळी पेपर वाचता वाचता त्यानं सवयीनं पाय आखडून घेतले. थोडा वेळ तसाच बसला. कसलाच वास आला नाही. त्यानं पाय हळूहळू लांब केले.

*

चोवीस वर्षांपूर्वी त्यानं पानओव्याचं ते रोप घरी आणलं, तेव्हा तिनं नाक दाबून, असला उग्र वास मला घरात सोसायचा नाही, असं सांगून कुंडी गॅलरीत ठेवायला लावली होती.