फाटक पडलं की

मी एक जुनी पांढरी मोटारगाडी. पांढरी म्हणजे कधीकाळची. आता माझा रंग विचारलात तर धूळ हाच म्हणा. कारखान्यातून माझ्याबरोबर माझ्यासारख्याच कितीतरी बहिणी बाहेर पडल्या. कोणी डॉक्टरांकडे गेली, कोणी वकिलांकडे. मी आले एका वायरमनच्या दारात, आणि आज मागे वळून पाहताना वाटतं, नशीब काढलं मी.

घरात माणसं चार. बाबा वायरमन. त्यांची शिडी माझ्या टपावर आणि वायरींची वेटोळी डिकीत. आई इस्पितळात सिस्टर, तिच्या ड्युटीचा काही नेम नाही. मोठी मुलगी, तिला सगळे ताई म्हणत. राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर. आणि धाकटा ढब्बू, त्याच्या बिस्किटांचा चुरा माझ्या सीटच्या फटींत अजून सापडेल.

त्यांची सकाळ म्हणजे नुसती तारांबळ. ढब्बूचा एक मोजा कायम हरवलेला, ताईची वेणी अर्धवट, आणि आई तोंडात पिन धरून दाराला कुलूप लावतेय. माझी दारं धाडधाड आपटली की निघालो. मी माणसांचं एक पाहिलंय. घरात समोरासमोर बसून जे त्यांना बोलवत नाही, ते गाडीत रस्त्याकडे बघत सहज बोलून जातात. म्हणून या घराची दुखणी मला कळत गेली.

एका रविवारी बाबा आईला ड्युटीवरून आणायला गेले होते. आई बसली आणि म्हणाली, "आजही चर्च चुकलं. पोरांना आपण शाळेत पोचवतो, क्लासला पोचवतो. देवापर्यंत कधी पोचवणार?"

"मी रोज ठरवतो, पहाटे उठून प्रार्थना करायची," बाबा म्हणाले. "गुडघे टेकले की डोळाच लागतो."

दोघं हसली. पण आईचं हसू अर्ध्यावरच विरलं.

मग संध्याकाळी सगळ्यांनी प्रार्थनेला एकत्र बसायचं ठरलं. काय झालं ते दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर मला कळलंच. बाबांनी बायबलमधला लांबलचक अध्याय काढला. ढब्बूने ताईला चिमटा काढला, ताई किंचाळली, तेवढ्यात इस्पितळातून फोन. शेवटी "प्रार्थनेच्या वेळी तरी गप्प बसा!" असं आई इतक्या जोरात ओरडली, की काय झालं म्हणून शेजारीण धावत आली. बेत तिथेच बारगळला.

शाळेच्या वाटेवर रेल्वेचं फाटक होतं. ते नेमकं आपल्याच वेळेला पडतं, असं प्रत्येकाला वाटे. एका सकाळी ते पडलं, तशी आईने मला बंद केलं. स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि मोठ्याने म्हणाली, "देवा, मी फार दमलेय रे. मला धड आई होता येत नाही, धड तुझी लेकही होता येत नाही. आता तूच बघ."

 मागे गाणी ऐकत बसलेल्या ताईने कानातले इयरफोन काढले.

"कोणाशी बोलतेस, आई?" ढब्बूने विचारलं.

"देवाशी."

"तो इथे आहे?"

"आहे की."

ढब्बूने बाजूचं दप्तर उचलून मांडीवर घेतलं आणि खिडकीकडे सरकला. "बसू दे मग," तो म्हणाला.

आई डोळे पुसता पुसता हसायला लागली.

दुसऱ्या दिवशी फाटक पडल्यावर ढब्बूच म्हणाला, "आई, गाडी बंद कर ना." आणि गणिताच्या सरांना सर्दी होऊ दे, असं त्याने देवाला सांगितलं. "सर्दी नको रे देवा, याला पाढे येऊ देत," आईने लगेच दुरुस्ती केली. बाबा बरोबर असले की आदल्या दिवसाचे आभार मानत. रेल्वे निघून गेली, मागच्या गाडीने हॉर्न वाजवला, की घाईघाईने आमेन. ताई तेवढी बाहेर बघत बसे.

"मला नाही काही बोलायचं."

"नको बोलूस," आई म्हणे. "बस नुसती."

आणि मग ती दुपार आली. आई दोघांना शाळेतून घेऊन निघाली आणि फोन वाजला. बाबा कामावर शिडीवरून पडले होते. त्यांना इस्पितळात नेलं होतं, शुद्ध नव्हती. आईला धड गिअरही टाकता येईना. कशीबशी फाटकापर्यंत पोचलो, तर ते पडलेलं.

रोज दुसऱ्यांच्या जखमा बांधणारी ती बाई आज "देवा..." एवढंच म्हणाली आणि थांबली. ढब्बू रडायला लागला. तेव्हा मागून ताईने आईच्या खांद्यावर हात ठेवला.

"देवा, मी कधी तुझ्याशी बोलले नाही, मला लाज वाटायची. माझ्या बाबांना आमच्यापाशी ठेव. सकाळी मी त्यांच्याशी फुरंगटून बसले होते. मला त्यांच्याशी बोलायचंय. आणि आईचे हात कापतायत, तिला गाडी चालवायचीय. तिला धीर दे. प्रभू येशूच्या नावाने मागते, आमेन."

मालगाडी होती, संपता संपेना. तिघं एकमेकांना धरून बसली होती. फाटक वर गेलं आणि आईने मला सुरू केलं. आता तिचा हात स्थिर होता.

बाबा वाचले. मांडीचं हाड मोडलं होतं, डोक्याला टाके पडले होते. त्यांना घरी आणलं त्या दिवशी ताई मागे बसून अखंड बडबडत होती.

"हिला काय झालंय?" बाबांनी हळूच विचारलं.

"काही नाही," आई म्हणाली. "साठलेलं काढतेय. ऐका."

पुढे तिथे उड्डाणपूल झाला आणि फाटक कायमचं गेलं. सगळ्यांना आनंद. आम्ही पुलावरून भुर्रकन शाळेत पोचलो, आणि उतरताना लक्षात आलं, आज देवाशी कुणी काहीच बोललं नाही. दुसऱ्या दिवशी बाबांनी पुलाच्या अलीकडे मला कडेला घेतलं आणि बंद केलं.

"अहो, उशीर होईल," आई म्हणाली.

"होऊ दे थोडा. इतके दिवस रेल्वेने थांबवलं म्हणून थांबलो. आता आपण होऊन थांबू."

तेव्हापासून रोज थांबलो. कधी क्षणभर, कधी भांडण अर्धवट टाकून, पण थांबलो.

आता ताई नोकरीला लागलीय, ढब्बूला मिसरूड फुटलंय आणि माझं इंजिन चढावर खोकतं. काल मला एका शिंपीणबाईंच्या हवाली केलं. किल्ली देण्याआधी बाबांनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला. "देवा, या गाडीसाठी तुझे आभार." माझ्यासारख्या पत्र्याच्या डब्यासाठी कुणी देवाचे आभार मानावेत! मला हात असते, तर मीच त्या घरासाठी जोडले असते.

मुलांनो, तुमच्याकडे एवढंच मागणं. तुमच्या आईबाबांनी कधी घाईच्या रस्त्यात गाडी बंद करून डोळे मिटले, तर उशीर होतोय म्हणून ओरडू नका.

बरं, निघते. शिंपीणबाईंची दोन्ही पोरं आत चढलीत आणि खिडकी कुणाची यावरून एकमेकांच्या झिंज्या ओढतायत. ओढा बाळांनो. हळूहळू मला तुमचंही घर कळेल.