ड्वेनकाकांचं डावं मनगट

मी हातमोजा बोलतोय. थंडीतला नव्हे, बेसबॉलच्या कॅचरचा, उशीसारखा जाडजूड. फलंदाजामागे उकिडवं बसून दिवसभर चेंडूंचा मार खाणाऱ्याला कॅचर म्हणतात. खरा मार मी खातो, पण नाव त्याचं होतं.

माझा मालक ड्वेन प्रुस्का. अमेरिकेत आयोवामधल्या एका छोट्या संघात त्याने बारा वर्षं काढली. नवा होतो तेव्हा मी लाकडासारखा ताठ होतो. त्याने मला दाढीचा साबण चोपडला, पोटात चेंडू कोंबला, पट्ट्याने आवळलं आणि महिनाभर गादीखाली ठेवलं.

"आपल्या दोघांत हा तिसरा कशाला?" त्याची बायको लॉर्ना कुरकुरायची. तिची पाठ धरली, माझी मस्ती जिरली.

ड्वेन बसला की गुडघे कडाकड वाजत. संघातली पोरं त्याला काका म्हणत. आणि छत्तिसाव्या वर्षी अचानक सगळ्यांत वरच्या संघाचं बोलावणं आलं! त्यांचे दोन्ही कॅचर जायबंदी झाले होते.

"आज नीट खेळलास तर ठेवून घेतो," तिथले प्रशिक्षक म्हणाले. ड्वेनने मला इतकं आवळलं की माझी शिवण उसवायची बाकी राहिली.

गोलंदाज होता बावीस वर्षांचा रस्टी. आठ डाव झाले तरी समोरच्यांना त्याच्यावर एकही धड फटका मारता आला नव्हता. असं चाललं असताना गोलंदाजाशी कुणी बोलायचं नाही, दृष्ट लागते. बाकावर रस्टी वाळीत टाकल्यासारखा एकटाच बसला होता.

शेवटच्या, नवव्या डावात पोराचा नेम ढळू लागला. दोन गडी बाद केले, तिसरा बाद झाला की सामना खिशात, पण वाकडे चेंडू टाकून दोघांना फुकट पुढे जाऊ दिलं. ड्वेन कडकडत उठून त्याच्याकडे गेला. सामन्याबद्दल तर बोलायचं नव्हतं.

"रस्टी, सासूबाई महिनाभर राहायला येतायत. पलंग कसला घेऊ रे?"

पोरगा बघतच राहिला. मग म्हणाला, "कडक घ्या, काका. आठवड्यात जातील."

"लॉर्नाला सांगतो, तू म्हणालास म्हणून."

"अहो, काकू मारतील मला!" रस्टी हसला आणि टोपी सारखी करून पुन्हा जागेवर उभा राहिला.

शेवटचा चेंडू सणसणत आला. फलंदाज तिसऱ्यांदा चुकला, म्हणजे बादच, पण चुकलो मीही. सांगायला लाज वाटते, पण चेंडू माझ्या काठावरून निसटला. असा चेंडू सुटला की फलंदाजाला पळायची मुभा असते. त्याने धूम ठोकली. ड्वेन त्या गुडघ्यांनिशी चेंडूवर झेपावला आणि पडल्या पडल्या पहिल्या तळाकडे फेकला; फलंदाजाच्या आधी तो तिथे पोचला. बाद! रस्टी थेट ड्वेनच्या कडेवरच चढला.

"कमाल केलीस, ड्वेन," प्रशिक्षक म्हणाले. "आमच्या एका कॅचरचा अंगठा बरा झालाय. तुझी सकाळी नऊची परतीची बस आहे."

"बरं," ड्वेन म्हणाला.

बसमध्ये मला तोंडावर घेऊन तो झोपला. झोपला कसला! मी आतून भिजलो होतो.

अशा सामन्यानंतर गोलंदाजाने कॅचरला घड्याळ द्यायची रीत आहे. रस्टीने महिन्याभरात पाठवलं, मागे त्या दिवसाची तारीख कोरून.

आता ड्वेन खिळे-रंगाच्या दुकानात गल्ल्यावर बसतो. मी मागच्या भिंतीवर टांगलेला. ज्या डाव्या मनगटावर माझा हक्क होता, तिथे ते घड्याळ मिरवतं. माझा जळफळाट होतो, खोटं कशाला बोलू?

पण कधी दुकानात आलात, तर त्याला किती वाजले ते विचारा. तो आधी तो सामना सांगेल, मग वेळ. ऐकून घ्या. त्याच्या आयुष्यात तो एकच दिवस वरचा होता.