अप्पांची पायपीट

वाईहून बहारीनला येताना अप्पांनी गुडघ्यापर्यंत येणारे रबरी बूट आणले होते. लोणचं नाही, मेतकूट नाही, बूट. विमानतळावर बॅग उचलताना पूर्णिमाने विचारलं, "अप्पा, यात धोंडे भरलेत का?"

"गेंड्याच्या मागे काय चपला घालून जायचं?" अप्पा म्हणाले.

पूर्णिमाने नवऱ्याकडे पाहिलं. गौरव ट्रॉली आणायला म्हणून केव्हाच सटकला होता.

ही सगळी करणी गौरवची. दिवाळीच्या फोनवर सासऱ्यांना खूश करायच्या भरात तो बोलून गेला होता की, "या हिवाळ्यात इकडे या, इथून युगांडाला जाऊ. तिथल्या अभयारण्यात गाडीतनं उतरून, रानातनं पायी चालत गेंड्यांचा माग काढतात." माणसं फोनवर बोलतात तसं तो बोलला आणि विसरला. अप्पा विसरले नाहीत. पाटबंधारे खात्यात सगळी नोकरी कालव्याच्या कडेने चालत काढलेला माणूस तो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी पहाटे घाटावरून मेणवलीपर्यंत चालून आल्याशिवाय चहा घेत नसत. त्यांनी सगळ्या वाईत सांगून ठेवलं की जावई आपल्याला पायी गेंडे दाखवणार आहेत.

गौरवने मग खरंच चौकशी केली, हेही खरं. पण युगांडात शिरायला पिवळ्या तापाची लस लागते. बहारीनमधल्याच झिंज भागातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी अप्पांचं वय विचारलं, फाइल मिटली आणि सांगितलं, "या वयात ही लस मी देणार नाही." अप्पा परतीच्या वाटेवर गाडीत चकार शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी बूट दाराशी नीट मांडून ठेवले आणि दुसऱ्या दिवसापासून तोंड उघडलं.

इथल्या दुधाला वास येतो. कोथिंबिरीला येत नाही. समुद्र कसला, डबकं आहे, एक लाट नाही. एसीने हाडं ठणकतात आणि बंद केला तर जीव गुदमरतो. सनद नावाच्या वस्तीतल्या त्यांच्या फ्लॅटच्या खिडकीतून दिवसभर समोरच्या घराची भिंत दिसायची, त्या भिंतीच्या रंगावरसुद्धा अप्पांचं मत होतं. पूर्णिमा एका बांधकाम कंपनीत सीनियर अकाउंटंट. वर्षअखेरीचं ऑडिट डोक्यावर. संध्याकाळी ती गळून घरी यायची आणि अप्पा सोफ्यावर तिची वाटच बघत असायचे, दिवसभराच्या तक्रारींची चळत लावून.

"मी एकुलती एक आहे ना, नाहीतर वाटून तरी घेतलं असतं," ती एका रात्री गौरवला म्हणाली. गौरव मआमीर गावाच्या बाजूच्या कारखान्यात शिफ्टला होता, त्यामुळे तो निम्मा वेळ झोपलेला आणि निम्मा वेळ पळालेला असायचा. आताही तो कूस बदलून म्हणाला, "अगं, एवढं काय. त्यांना कुठेतरी फिरवून आण."

फिरवून आणलं होतं. मॉल, किल्ला, पूल, पुन्हा मॉल. गाडीत बसायचं, उतरायचं, फोटो, गाडीत बसायचं. मग ऑफिसातल्या कोणाकडून तरी तिला कळलं की दक्षिणेच्या वाळवंटात एका राखीव रानात हिवाळ्यात शुक्रवारी सकाळी माणसांना पायी नेतात, ऑरिक्सचा माग काढायला. तिने दोन जागा घेतल्या.

"गेंडा आहे?" अप्पांनी विचारलं.

"गेंडा नाही अप्पा. ऑरिक्स. मोठं, पांढरं, लांब सरळ शिंगांचं..."

"म्हणजे हरीण."

"हरणासारखंच."

"हरणं कात्रजलाही आहेत," अप्पा म्हणाले. पण शुक्रवारी ती उठली तेव्हा ते आंघोळ करून, बूट चढवून दाराशी उभे होते.

गाडीत बसताच तिच्या नाकात उग्र वास शिरला. अप्पांनी दोन्ही गुडघ्यांना बाम चोळला होता, सढळ हाताने.

"अप्पा, वास नको म्हणून लिहून पाठवलं होतं त्यांनी! प्राण्यांना लांबून कळतं."

"मग गुडघ्यांना काय सांगू? आज दुखू नका म्हणून?"

तिने काचा खाली केल्या. थंडगार वारा आत आला, तसे अप्पा म्हणाले की थंडी वाजते.

रानाच्या फाटकाशी सुहा नावाची तरुण बहारीनी मुलगी उभी होती. डोक्याला स्कार्फ, गळ्यात दुर्बीण. तिच्याशिवाय एक ब्रिटिश नवरा-बायको, एवढीच मंडळी. सुहाने इंग्रजीत नियम सांगितले. एकामागे एक चालायचं, बोलायचं नाही, हात वर केला की थांबायचं. अप्पांकडे वळून ती गोड हिंदीत म्हणाली, "बाबा, बात मफी. ठीक?"

"मफी म्हणजे?" अप्पांनी पूर्णिमाला विचारलं.

"अरबीत 'नाही'. म्हणजे बोलायचं नाही."

"असं होय. छान शब्द आहे," अप्पा म्हणाले आणि रांगेत पूर्णिमाच्या पुढे जाऊन उभे राहिले.

सुरुवातीला सगळं नीट चाललं. उन्हं कोवळी होती, वाळू थंड होती, खुरट्या झुडपांवर दव होतं. सुहाने वाकून खुरांचे ताजे ठसे दाखवले, पुढे लेंड्या, मग एका झुडपाचे नुकते खुडलेले शेंडे. पूर्णिमाला बऱ्याच दिवसांनी मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं. तेवढ्यात पुढून आवाज येऊ लागला. फट, चुर्र, फट. अप्पांचे बूट. ब्रिटिश बाईने मागे वळून बुटांकडे पाहिलं आणि हसू दाबलं. पूर्णिमाचे कान तापले.

मग अप्पांना खोकला आला. तो थांबला तर त्यांनी खिशातून बिस्किटाचा पुडा काढला आणि त्या निःशब्द वाळवंटात त्याचा कागद असा काही कुरकुरला की सुहाने हात वर केला.

"बाबा!"

"खाणार का?" अप्पांनी पुडा पुढे केला.

"अप्पा, ठेवा तो आत," पूर्णिमा दातांवर दात ठेवून कुजबुजली. अप्पांनी ठेवला, पण पाऊलभरसुद्धा पुढे गेले नसतील, तोच त्यांना वाळूतल्या उताराचं पाणी कुठून वाहत असेल ते सांगावंसं वाटलं. "इथे पाऊस पडतच नाही अप्पा." "पडतो. जमीन सांगते ना." "गप्प बसा ना जरा!" ती पुन्हा कुजबुजली. सकाळपासून तिने इतकं कुजबुजून घेतलं होतं की घसा बसायला आला होता.

आणि मग एका टेकाडाच्या कडेशी सुहा खाली बसली. सगळे बसले. पलीकडच्या खोलगट भागात ते उभे होते. आठ-दहा ऑरिक्स, दुधासारखे पांढरे, चेहऱ्यावर काळे पट्टे, शिंगं उन्हात तलवारीसारखी. एक मादी पिल्लाला चाटत होती. पूर्णिमाने हळूच अप्पांकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडं होतं आणि त्यातून, नवल म्हणजे, एक शब्द निघत नव्हता.

त्याच क्षणी तिचा फोन वाजला.

ऑफिसचा एकही कॉल चुकू नये म्हणून आवाज तिने पार वरपर्यंत नेऊन ठेवला होता आणि बंद करायला साफ विसरली होती. सगळी शिंगं एकदम वर झाली. तिने खिशात हात घातला, फोन हातातून निसटून वाळूत पडला, तिथे पडूनही वाजत राहिला. तिने तो उचलून कानाला लावेपर्यंत खोलगटात फक्त धूळ उरली होती.

"अगं," गौरव म्हणाला, "कुकरची शिटी कुठे ठेवलीस?"

तिने उत्तर न देता फोन बंद केला. सुहा उठून दुर्बिणीची काच पुसू लागली. ब्रिटिश नवरा-बायको सौजन्याने आकाशाकडे बघत होते. आणि अप्पा, एवढ्या वेळाने मनापासून खूश झालेले अप्पा, म्हणाले, "बात मफी."

पूर्णिमाचा बांध फुटला. सुहाने त्या ब्रिटिश जोडप्याला घेऊन पुढे जाते अशी खूण केली, तिकडेही तिचं लक्ष नव्हतं.

"हसा! हसा तुम्ही! मी ऑडिट सोडून आलेय इथे, कळतंय का? आल्यापासून बघतेय, दूध वाईट, समुद्र वाईट, भिंत वाईट! अख्ख्या देशात तुम्हाला आवडेल अशी एक वस्तू नाही! त्या मेल्या गेंड्यापायी तुम्ही माझं डोकं खाल्लंय!"

"गेंड्याचं काय घेऊन बसलीस!" अप्पाही ओरडले. "गेंडा असो नाहीतर म्हैस असो! गौरवराव म्हणाले, गाडीतनं उतरून पायी जायचं. म्हणून मी हो म्हटलं. पायी!"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! आल्यापासून माझे पाय जमिनीला लागलेत का? फ्लॅटमधून लिफ्टमध्ये, लिफ्टमधून गाडीत, गाडीतून मॉलच्या गुळगुळीत फरशीवर. दूध दारात येतं, भाजी दारात येते. खाली जाऊन येतो म्हटलं तर तू म्हणतेस, रस्ता ओलांडू नका, गाड्या जोरात असतात. अगं, मी तीन तालुक्यांचं पाणी सांभाळलंय. मला तू रस्ता ओलांडू देत नाहीस. मग दिवसभर बसून मी काय करू? भिंतीलाच नावं ठेवणार ना?"

पूर्णिमाला सांगायचं होतं की ते काळजीपोटी होतं. ते खरंही होतं. पण सकाळी ऑफिसला निघताना आपण त्यांना ज्या सुरात 'कुठे जाऊ नका हं' म्हणतो, तो सूर तिला आता स्वतःच्याच कानांनी ऐकू आला, आणि तो फारसा बरा वाटला नाही.

"सांगायचं होतं मग सरळ," ती म्हणाली. अजून चिडलेलीच.

"तू ऐकायला घरी असतेस कधी?"

यावर काही बोलण्याआधीच पलीकडून हॉर्न ऐकू आला. एक लांबलचक, बेसूर हॉर्न. कच्च्या रस्त्याने चाऱ्याने भरलेला पिकअप डुलत डुलत येत होता. आणि टेकाडाच्या मागून, झुडपांमधून, कुठून कुठून ऑरिक्स धावत सुटले. मघाचे होते, आणखी दुप्पट होते. पूर्णिमा आणि अप्पांच्या अगदी जवळून, त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता, ते पिकअपकडे गेले आणि गवताच्या गठ्ठ्यांभोवती गर्दी करून उभे राहिले. ड्रायव्हर खाली उतरून मोठमोठ्याने फोनवर बोलत होता. एकाही जनावराचा कान हलला नाही.

सुहा धावत परत आली. तिचा चेहरा कसनुसा झाला होता. "शुक्रवारी गाडी उशिरा येते," ती इंग्रजीत म्हणाली. "आज लवकर आली. सॉरी."

अप्पांना आधी बारीक ठसका लागला, मग ते हसायला लागले. हसता हसता वाळूत बसले. एवढी चोरपावलं टाकली, बामावरून बोलणी खाल्ली, आणि इथे हॉर्न वाजवला की वाड्यावर म्हशी याव्यात तशी जनावरं येत होती. पूर्णिमाला हसायचं नव्हतं. तिने बराच वेळ प्रयत्न केला, पण सुहाच हसू लागल्यावर तिचाही इलाज चालला नाही.

परतताना गाडीत अप्पांनी बूट काढून त्यातली वाळू खाली झटकली. कालच धुतलेल्या गाडीत.

रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, सकाळी ऑफिसला निघताना पूर्णिमाने घराची एक किल्ली अप्पांच्या हातात ठेवली. "कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून, 'कोल्ड स्टोअर' लिहिलंय ना, तिथून पुदिना आणाल का?" एवढंच म्हणाली. पुढचं 'जपून जा' तिने मोठ्या कष्टाने गिळलं.

दुपारी ऑडिटर समोर बसलेले असताना फोन थरथरला.

"पूर्णिमा, मी जरा पुढे आलोय चालत. दुकानदार केरळचा आहे, फार सज्जन माणूस. पण घर कुठल्या बाजूला ते कळेना."

"तुम्ही आहात कुठे?"

"एक मशीद आहे. समोर बेकरी आहे."

"अप्पा, इथे प्रत्येक गल्लीत मशीद आहे आणि समोर बेकरी आहे!"

"अगं, ओरडू नकोस. मला घाई नाही," अप्पा म्हणाले. "गरम रोटी घेतलीय, ती खातोय. तुझं काम झालं की सांग, तोवर मी अजून एक गल्ली बघून येतो."

"अप्पा, तिथेच थांबा. अप्पा? हॅलो?"

फोन कट झाला होता. पूर्णिमाने कपाळावर हात मारला, ऑडिटरना "एक मिनिट" म्हटलं आणि गाडीची किल्ली शोधू लागली.