पिनरच्या पुरणपोळीचा कट

धम्मशीलेला झांबियाच्या राजधानीत, लुसाकाला नोकरीसाठी जायचं होतं आणि ते मुलेंगासाहेबांच्या हातात होतं. तिथल्या व्यापाऱ्यांच्या संगनमताला आळा घालणाऱ्या कचेरीतले ते मोठे अधिकारी. केंब्रिजच्या परिषदेत त्यांनी हिचं भाषण कौतुकाने ऐकलं आणि शेवटी मान हलवली. “जो व्यापारी आधी कबुली देईल त्याला माफी, कल्पना छान आहे. पण आमच्याकडे एक सिमेंटवाला दुसऱ्याचा साडू असतो. चुगली करणार कोण?”

धम्मशीला इरेला पेटली. शनिवारी लंडनजवळ पिनरला आमच्या मराठी मंडळाचा मेळावा आहे, या, निखळ स्पर्धा कशी असते ते दाखवते, म्हणाली. पाहुण्याला पटवायचं म्हणजे आधी घरचं खाऊ घालायचं, ही खोड आपल्याच लोकांची.

मेळाव्यात पुरणपोळीचे तीन स्टॉल होते. एक तिच्या आईचा, विमलाबाईंचा. दुसरा शेजारच्या शुलामीथमावशींचा आणि तिसरा नुकत्याच ग्लासगोहून आलेल्या मनीषाचा. साहेबांनी तिघींकडे भाव विचारला. तीन पाउंड. तीन पाउंड. तीन पाउंड. शंभर घेतल्या तर? तरी तीनच!

साहेब पोट धरून हसायला लागले. “मिस, हे तर कार्टेल! चक्क संगनमत!”

धम्मशीलेला धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं झालं.

“मग फोडा की,” साहेब डोळे पुसत म्हणाले. “एकीने जरी तोंड उघडलं, तर जानेवारीत लुसाकाला या.”

धम्मशीला सरळ खुर्चीवर चढली. “हे बघा, भाव कसा ठरला ते जी फर्स्ट सांगेल ती सुटली. बाकीच्या दोघींना दिवाळीला स्टॉल नाही. कमिटीशी मी बोलते!”

शुलामीथमावशी पोळीवर तूप सोडण्यात गढून गेल्या, मनीषाने फोनमध्ये डोकं खुपसलं. धम्मशीलेचा चेहरा पडत चालला. आईकडून तर आशाच नव्हती. लुसाकाचं नाव काढलं की ती उठून भांडी घासायला जायची.

विमलाबाईंनी पोरीकडे एकदा पाहिलं आणि हातातलं उलथनं खाली ठेवलं.

“मी सांगते. शुलामीथच्या किचनमध्ये ठरला. चहा पिताना.”

“विमल! अगं, आयडिया तुझी होती!” शुलामीथमावशी कडाडल्या. “ही मनीषा दोनला विकणार होती, तिला दम कोणी दिला?”

“तुम्ही दोघींनी, मावशी!” मनीषा किंचाळली.

मग कबुल्यांना असा ऊत आला की न विचारलेलंही बाहेर पडू लागलं. वेलचीत कोण हात आखडतं, तुपात कोण तेल मिसळतं, कुणाच्या पोळ्या चक्क वेम्ब्लीहून आयत्या येतात. धम्मशीला हसून हसून लोळत इंग्रजीत सांगत होती आणि साहेब टाळ्या पिटत होते.

“या दोघी मैत्रिणी कधीच्या?” त्यांनी विमलाबाई नि शुलामीथमावशींकडे बोट दाखवत विचारलं.

“माझ्या जन्माच्या आधीपासूनच्या.”

“मग आमचे साडूही फुटतील. जानेवारी पक्का!”

धम्मशीलेने पिठासकट आईला मिठी मारली. “आई, सुटलीस तू! फुल माफी!”

विमलाबाई हसत होत्या आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

“सुटले कसली गं,” त्या म्हणाल्या. “तुला घालवून बसले ना!”