केशरबाई ढिगावर चढली तेव्हा

साहेब, तुम्ही खोटं लिहिलं. 'आवार रिकामे, कामकाज बंद' असं सरकारी पाहणी अहवालात सहीनिशी लिहून आमची सहकारी जिनिंग फॅक्टरी तुम्ही मोकळा प्लॉट म्हणून विकायला काढली. चालू फॅक्टरी विकली असती, तर घेणाऱ्या कंपनीला इथली बाया-माणसं कामावर ठेवावी लागली असती. प्लॉटला माणसं लागत नाहीत.

त्या पाहणीत काय झालं ते मी सांगतो. मी वजनकाट्यावर बसतो, आणि त्या दिवशी मोबाईल माझ्याच हातात होता.

कोरोनामुळं फॅक्टरी घेऊ पाहणारे कंपनीवाले आमच्या चांदूर रेल्वे गावापर्यंत येणार नव्हते. फॅक्टरी ऑनलाइन मीटिंगमध्येच दाखवायची ठरली. स्क्रीनवर कंपनीच्या एक मॅडम, आमचे मॅनेजर खुशालराव, आणि तुमच्या नावाची एक काळी चौकट. कॅमेरा बंद. "मी आहे, चालू द्या," एवढं तुम्ही बोललात.

चूक आमचीही झाली. आवाज नीट जावा म्हणून खुशालरावांनी मशिनी थांबवल्या. सगळ्यांना शेडमागं उभं केलं. "लक्ष्मी दाखवाची हाय, मंधात कोनी येऊ नोका," म्हणाले. लक्ष्मी म्हणजे आमचा कापूस. तो स्वच्छ, एकटा दिसावा, असं आम्हालाही वाटलं. पाहुण्यांसमोर माणूस घर झाडून बसतो, तसे आम्ही बसलो.

मी यार्डातल्या कापसाच्या ढिगासमोर मोबाईल धरला. डोक्यावर ऊन, समोर कापूस. स्क्रीनवर नुसता पांढरा रंग. ना उंची, ना कड. मॅडमनी विचारलं, नेटवर्क गेलं का? मी मागं सरकलो, पुढं गेलो, गुडघ्यावर बसलो. तेच पांढरं. मॅडम कोणाला तरी म्हणाल्या की यार्डात काहीच दिसत नाही. डोळ्यांसमोर डोंगर, आणि तो मला दाखवता येईना.

तेवढ्यात केशरबाई शेडमागून निघाली. कापूस ओढायचं काम करते ती. कोणाला विचारलं नाही. चपला खाली काढल्या, कारण आमच्याकडं कापसावर चपलेनं कोणी चढत नाही, आणि हिरव्या लुगड्याचा ओचा खोचून ती चढू लागली. गुडघ्यापर्यंत रुतायची, पाय उपसायची, पुन्हा वर. स्क्रीनवर एक हिरवा ठिपका वर सरकत होता, आणि ती जसजशी वर जाई, तसतसा तिच्या पायाखाली ढीग उभा राहत होता. शेडच्या टिनांच्या वर गेली तेव्हा ती माझ्या अंगठ्याएवढी दिसत होती.

तो कापूस मीच गाडी-गाडीनं मोजून घेतला होता. पण एवढा आहे हे मला त्या दिवशी कळलं. बोंडअळीचं साल. अर्धी बोंडं झाडावरच काळी पडलेली. तरी बायांनी चिमटी-चिमटीनं वेचून हे इथवर आणून टाकलं होतं. फिटर इमरानही शेडमागून येऊन बाजूला उभा होता, तो हळूच "सुभानअल्लाह" म्हणाला आणि वर पाहतच राहिला.

मॅडमनी विचारलं, "ये सब... कपास है?"

मी ओरडून वर विचारलं. केशरबाईनं वरून सांगितलं, "नाई बाई, बरफ हाय. काश्मीर पाह्याले जायाची गरज नाई."

कोणी हसलं नाही. आणि तेवढ्यात साहेब, तुमच्या काळ्या चौकटीची कड हिरवी झाली. बोलणाऱ्याच्या चौकटीची होते तशी. आवाज आला, "बाप रे... केवढं हे!"

मग तुमचा अहवाल आला. सोबत फोटो जोडलेला : पहिल्या दोन मिनिटांतला कोरा पांढरा स्क्रीन. इमराननं मॅडमना फोन लावला. त्या वाईट नव्हत्या. पण आम्ही सरकारी अहवालावरच जातो, म्हणाल्या. कंपनीनं अंग काढून घेतलं. आता प्लॉटचा लिलाव लागलाय.

काल केशरबाई काट्यावर आली. भांडली नाही, रडली नाही. म्हणे, "भाऊ, मी त्याईले दिसली नाई का?"

मी तिला काय सांगू? साहेब, त्या चौकटीतून 'बाप रे' म्हणणारा माणूस कोण होता? तुम्ही होतात, तर अहवालात कोणाच्या डोळ्यांनी लिहिलंत? लिलावाच्या आधी उत्तर पाहिजे. मला नाही दिलं तरी चालेल, केशरबाईला द्या.